कपाटाला नमस्कार

सविताने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला तेव्हा मी तिच्या मुलीचा रिपोर्ट लिहीत होते. तीन वर्षांची पोर. 'बोलायला उशीर होतोय' म्हणून उदगीरहून लातूरला, आमच्या शनिवारच्या कॅम्पला आणलेली. गेला अर्धा तास ती इतकी बडबडत होती की माझा चहा गार झाला. घरात चार मोठी माणसं तिच्याआधी बोलून मोकळी होतात म्हणून ती गप्प राहायची, एवढंच. काळजीचं काही नाही म्हटल्यावर सविता खुशीत आली.

"मॅडम, हे बघा की. माझ्या भावाचं लेकरू. सात महिन्यांचं हाय. देवाला नमस्कार करतंय."

मला वाटलं, हात धरून कुणीतरी करवून घेत असेल. तसे व्हिडिओ दिवसाला दोन तरी बघावे लागतात. पण इथं कुणी हात धरला नव्हता. देवघर, समई, आज्जीच्या मांडीवर गुटगुटीत बाळ. घंटी वाजली. बाळाची मान झटकन खाली गेली, दोन्ही हात पुढं येऊन जवळ आले, अंग कमरेत वाकलं. क्षणभर तसंच. मग सैल. पुन्हा मान खाली, हात पुढं. मागं कुणीतरी कौतुकानं मोजत होतं, "पाच... सहा... सात..." आणि आज्जी म्हणत होती, "कंदा, माझ्या कंदा." कंदा म्हणजे बाळ. आमच्या उदगीरकडं कानडीतले असे शब्द घराघरांत आहेत.

मी व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडं दवाखान्यात खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणायची पद्धत आहे. मी मानसशास्त्रज्ञ आहे, आणि माझं काम अगदी लहान मुलांच्या मेंदूशी. बाळ बघतं कसं, धरतं कसं, हाक मारली की वळतं का, हसतं कुणाकडं बघून, यावरून आत मेंदूचं काम कसं चाललंय ते ओळखायचं आणि कमी पडतंय तिथं आईबापाला हाताशी धरून शिकवायचं. नांदेडला मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथं तळमजल्यावर माझी खोली. सर वरच्या मजल्यावर मशीन लावून मेंदू बघतात. मी खाली सतरंजीवर बसून बघते. बावीस वर्षं बघतेय, आणि मला माझ्या कामाचा गर्व आहे. तो मी लपवत नाही.

त्या व्हिडिओत नमस्कार नव्हता. ते झटके होते. इन्फंटाइल स्पाझम्स म्हणतात त्यांना. तान्ह्या बाळांना येणारी एक प्रकारची फिट. तोंडाला फेस नाही, डोळे पांढरे नाहीत, हातपाय आपटणं नाही. दिसायला अगदी साधी. एकामागून एक झटके येतात, बहुतेक वेळा झोपेतून उठल्या उठल्या, आणि दर झटक्याला बाळ पुढं वाकतं. जुन्या पुस्तकांत याला 'सलामचे झटके' असंच नाव आहे. इंग्रज साहेबाला सलाम दिसला, उदगीरच्या घराला नमस्कार दिसला. त्यात त्या घराची काही चूक नव्हती.

पण दिसायला साधी असली तरी ही फिट लई वाईट. झटके चालू असेपर्यंत मेंदू नवीन काही शिकत नाही, उलट शिकलेलं विसरायला लागतो. इलाज आहे, पण लवकर केला तरच त्याचा खरा उपयोग. उशिरा आलेली मुलं मी बघितली आहेत. चार वर्षांची होतात आणि मान धरत नाहीत.

हे सगळं डोक्यात आलं आणि मी फटकन बोलून गेले.

"सविता, हा नमस्कार नाही. या फिट आहेत."

माझ्या जिभेला हाड नाही हे माझ्या आईपासून सगळ्यांनी सांगून झालंय. सविताचा चेहरा उतरला नाही, तापला.

"मॅडम, असं कसं बोलून राहिल्या तुम्ही? लेकरू खातंय, पितंय, गुटगुटीत हाय. फिट आल्यावर कसं असतंय ते म्हाईत हाय आम्हाला. आमच्या शेजारच्याला यायच्या."

"किती दिवस झाले हे सुरू होऊन?"

"झाला की महिना. लोकं पाया पडायला यायलेत त्याच्या, आन् तुम्ही..."

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि निघाली. रिपोर्ट टेबलावरच राहिला. मी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा तिनं फोनच बंद केला.

मग सरांना फोन लावला.

"सर, एक केस आहे."

"पेशंट कुठंय?"

"उदगीरला."

"पाठवलं कुणी?"

"कुणीच नाही. नातेवाईक आले होते, रागावून गेले."

सर म्हणाले, "बिरादार मॅडम, आपण घरोघर फिरून पेशंट गोळा करत नाही. लोक म्हणतील, दवाखाना चालेना म्हणून बाई दारोदार फिरायली."

"सर, मी व्हिडिओ बघितलाय. स्पाझम्स आहेत."

"पाठवा मला."

"माझ्याकडं नाही."

"मग मी काय बघू, तुमचा आवाज?" सर वैतागले. मग जरा हळू विचारलं, "किती दिवसांपासून?"

"महिना."

"हं." सर म्हणाले. "आणा लवकर. कसं ते तुमचं तुम्ही बघा. आणि माझं नाव मधे घेऊ नका."

सरांची परवानगी ही अशीच असते, ती ओळखायला मला पाच वर्षं लागली.

उदगीर माझं माहेर. रविवारी सकाळी पहिल्या एसटीनं निघाले. पिशवीत तो राहिलेला रिपोर्ट. माझा गेटपास तोच होता. रस्ताभर स्वतःला बजावत होते, की आज तोंडातून 'फिट' हा शब्द काढायचा नाही. माझ्यासारखीला हे म्हणजे उपास धरण्यासारखं.

घर सापडायला वेळ लागला नाही, नमस्कार करणारं बाळ म्हटल्यावर कुणीही बोट दाखवत होतं. पुढं हार्डवेअरचं दुकान, मागं घर. दारात माझ्याआधी दोन बायका चपला काढत होत्या. एकीच्या हातात नारळ. बाळाचं दर्शन घ्यायला आल्या होत्या. सोप्यात आज्जी बसलेल्या. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणत. माझी आई अशीच बसायची, त्यामुळं मी आपसूक वाकले.

"शरणार्थ, अव्वा."

"शरणार्थ. कुणाची गं तू?"

बापाचं नाव सांगितलं, तेलाच्या दुकानाची खूण सांगितली. अव्वांनी माझी तीन पिढ्यांची चौकशी केली आणि मी आतली झाले. सविता कालच सासरी गेली होती, हे माझं नशीब. ती असती तर उंबऱ्यावरूनच परत आले असते.

"सविताचा रिपोर्ट द्यायला आले होते. म्हटलं, तुमच्या नातवालाही बघावं."

"बघ की. सगळं गाव बघून राहिलंय." अव्वांनी बाळाला मांडीवर सरकवलं. "बसवराज नाव ठेवलंय, आज्याचं. त्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं तवर ह्यो आला. आन् नमस्कार बघशील तर डिट्टो त्यांचा. ते असंच कमरेतून वाकायचे देवापुढं. म्या बघितलं आन् म्हनलं, आले माझे मालक परत."

आता कळलं मला, मी काय हिसकावून घ्यायला आले होते ते. बाईचा नवरा परत आला होता. आणि मी सांगणार होते की तो आलेला नाही, तो आजार आहे. रिपोर्ट देऊन सरळ माघारी जावं असं खरंच वाटलं. एसटीचं टाइमटेबलही मनात येऊन गेलं.

मी बाळाला मांडीवर घेतलं. बसू. गोरापान, जड. माझं तोंड त्याच्या तोंडासमोर नेलं, हसले, जीभ काढली, भुवया उडवल्या. पिशवीतला लाल चेंडू काढून डोळ्यांसमोरून हळूच फिरवला. खुळखुळा वाजवला. सात महिन्यांचं मूल एवढ्यात माझा चष्मा ओढून तोंडात घालतं. बसू माझ्या कानाच्या पलीकडं कुठंतरी बघत होता. चेंडू गेला काय, आला काय, त्याला घेणंदेणं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दाराशी त्याची आई उभी होती. शिल्पा. तेवीसचोवीस वर्षांची. ती बाळाकडं बघत नव्हती. माझ्या चेहऱ्याकडं बघत होती.

अव्वा त्या दोन बायकांना निरोप द्यायला दारापर्यंत गेल्या. तेवढ्यात शिल्पा पुढं आली.

"मॅडम, हा हसत न्हाई हो आता."

"आधी हसायचा?"

"लई. माझा आवाज आला की पाय झाडायचा. बांगड्या धरून ओढायचा. आता बघत बी न्हाई माझ्याकडं."

"कधीपासून?"

"नमस्कार सुरू झाला तवापासून."

"घरात बोललीस का?"

"बोलले की." तिनं पदरानं नाक पुसलं. "सगळे म्हनले, देवाचं लेकरू हाय, त्याचं ध्यान आपल्यात न्हाई. आईनं अभद्र बोलू नये. मग गप बसले."

मला असा काही राग आला म्हणता. बाळाकडं बघायचं शिक्षण घ्यायला मला सहा वर्षं लागली, आणि ही पोरगी एकही पुस्तक न वाचता महिनाभर अचूक निदान घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. पण राग गिळला. रागावून काय होतं ते काल लातूरला बघितलं होतं.

आमच्या कामात एक साधी रीत आहे. मूल एखादी गोष्ट का करतं ते कळत नसेल तर एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि बघत बसायचं. मूल आईला घाबरून रडतंय की खोलीला, हे कळायला आई तीच ठेवून खोली बदलायची. यात मशीन लागत नाही. सबुरी लागते.

अव्वा परत आल्यावर मी विचारलं, "बसू नमस्कार जास्त कधी करतो?"

"झोपून उठला की. सकाळी आन् दुपारी. डोळे उघडले की म्या देवघरात नेते, घंटी वाजवते, की झालंच सुरू."

"अव्वा, आज माझ्यासाठी एक करा. दुपारी उठला की देवघरात न्यायचं नाही. घंटी नाही, दिवा नाही. इथंच मांडीवर घ्यायचं, त्या कपाटाकडं तोंड करून."

"कामून?"

"देव समोर नसताना काय करतो, ते बघायचंय मला."

"देव नसल्यावर नमस्कार कशाला करल ते?"

"तेच बघू."

अव्वांना ते पटलं नाही, पण त्यात देवाचा अपमानही दिसेना. त्या 'बघ बाई' म्हणाल्या आणि मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरणफळं. चव काय होती ते आज आठवत नाही. बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि माझा एक कान पाळण्याकडं होता. शिल्पाचा हात भाकरी थापताना मधेच थांबायचा, तो का थांबतोय ते मला कळत होतं.

तीनच्या सुमारास पाळणा हलला. अव्वांनी बसूला उचललं आणि सांगितल्याप्रमाणे कपाटाकडं तोंड करून मांडीवर बसवलं. साधं लोखंडी कपाट. वर रिकामी खोकी, दाराला टॉवेल अडकवलेला. मी शिल्पाला म्हटलं, मोबाईल काढ, व्हिडिओ घे, बोलू नको.

थोडा वेळ काही झालं नाही. अव्वा माझ्याकडं बघून हसल्या. बघ, म्हणाले होते की नाही, अशा अर्थानं.

मग मान खाली गेली. हात पुढं आले. कमरेत वाक.

सैल. पुन्हा.

टॉवेलला नमस्कार. खोक्यांना नमस्कार. अव्वांचं हसणं तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. त्यांनी बाळाला खिडकीकडं वळवलं. त्यानं खिडकीपुढं तेच केलं. भिंतीकडं वळवलं. भिंतीवर कॅलेंडर, दुधाचा हिशोब लिहिलेलं. तिथंही तेच. दोन झटक्यांच्या मधे तो कळवळून रडला. तसा तो रोजच रडत असणार, पण रोज घंटी वाजत असायची. शिल्पा कुजबुजत मोजत होती. तेविसाव्याला थांबली, कारण बाळ थांबलं.

माझ्या तोंडात चार वाक्यं तयार होती आणि मी ती दातांखाली धरून बसले होते.

अव्वांनी बाळाचं डोकं छातीशी धरलं.

"ह्यांनी जल्मात कुणापुढं पाठ वाकवली न्हाई," त्या म्हणाल्या. "तहसीलदार आला तरी ताठ उभे राहायचे. फकस्त देवापुढं वाकायचे." बाळाकडं बघून म्हणाल्या, "कपाटापुढं ते कशाला वाकतील?"

मग माझ्याकडं बघितलं.

"हे दुसरंच काय तरी हाय. न्हाई का गं?"

"हाव, अव्वा."

"बरं होईल?"

"आज निघालो तर लई आशा आहे."

शिल्पाचा व्हिडिओ मी सरांना पाठवला. मिनिटभरात फोन. ना नमस्कार, ना चमत्कार. "आत्ता निघा म्हणावं. उद्या सकाळी नऊला ईईजी. पहिला नंबर त्यांचा." बसूच्या वडिलांनी दुकानाचं शटर ओढलं, मित्राची गाडी मागवली, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही नांदेडच्या रस्त्याला होतो. अव्वा बाळाला घेऊन मागं बसल्या. वाटेत एकदाच बोलल्या. "आन् म्या घंटी वाजवीत होते," म्हणाल्या. त्यावर मी त्यांचा हात धरला.

ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद घेणं. दुखत नाही. निरोगी बाळाच्या रेघा पेरलेल्या रानासारख्या ओळीत चालतात. बसूच्या रेघा म्हणजे भिंतीवर पोरानं कोळसा घासावा तशा. सरांनी स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. त्या दिवशीच इंजेक्शन सुरू झालं. मेंदूचा फोटोही काढला. त्यात बिघाड सापडला नाही. या आजारात हे मोठं नशीब.

इलाज सोपा नव्हता. ते औषध कडक असतं. बसूचं तोंड सुजून भोपळा झालं, चिडचिड वाढली, सारखी भूक. दर दिवशी बीपी मोजायचं, इन्फेक्शन सांभाळायचं. वॉर्डात अव्वा सिस्टरला विचारायच्या, "अजून किती सुया?" सिस्टर सांगायची. दुसऱ्या आठवड्यात झटके कमी झाले, मग एका सकाळी उठल्यावर एकही आला नाही. पुढच्या दिवशीही नाही. सरांनी ईईजी पुन्हा केला. रेघा ओळीत होत्या.

सगळे हसले, पेढे आले. अव्वा मात्र खिडकीशी बसून डोळे पुसत होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "बरं झालं ते बरंच झालं. पन माझ्यासाठी तर पुन्यांदा गेले की गं ते." मी शेजारी बसून राहिले.

झटके थांबवणं हे सरांचं काम झालं. माझं काम तिथून सुरू. महिनाभर मेंदूत गोंधळ चालला होता, तेवढ्यात बसू आई विसरला होता. बघणं, वळणं, धरणं, हसणं, सगळं पहिल्यापासून. मी कागदावर होम प्रोग्राम लिहून दिला. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. मोबाईल नाही, टीव्ही नाही. आणि साधन काय, तर अव्वांची तीच देवघरातली घंटी. ती कोपऱ्यात टाकून दिली होती त्यांनी. हात लावायला तयार नव्हत्या.

"अव्वा, घंटीनं काही केलं नाही. आता तिच्याकडून काम करून घ्यायचंय. उजवीकडं वाजवायची आणि थांबायचं. तो बघेपर्यंत दुसऱ्यांदा वाजवायची नाही. बघितलं की हसायचं. मग डावीकडं."

"आन् बघितलं न्हाई तर?"

"तर थांबायचं."

"किती?"

"तुम्ही त्याच्या आज्यासाठी थांबला नव्हता का कधी?"

"जल्मभर," अव्वा म्हणाल्या आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा हसल्या.

ती बाई थांबली हो. मी एवढे थेरपिस्ट तयार केले, नव्या पोरी शिकून येतात, पाच मिनिटांत कंटाळतात. अव्वा कंटाळल्या नाहीत. दारात कुणी दर्शनाला आलं तर सांगायच्या, "आता न्हाई. माझी ड्युटी चालू हाय." तीन आठवडे काहीच नाही. शिल्पा रोज फोनवर सांगायची, "मॅडम, बघत न्हाई अजून." मी रोज म्हणायचे, चालू ठेवा. मनात धाकधूक माझ्याही होतीच. सगळ्यांचं भलं होत नाही या आजारात, हे मला शिल्पापेक्षा जास्त माहीत होतं.

एका संध्याकाळी मी नांदेडच्या भाजीबाजारात होते. फोन आला.

"मॅडम, बांगड्या धरल्या."

"काय?"

"त्यानं माझ्या बांगड्या धरल्या. सोडंना झालाय."

हातातली मेथीची जुडी खाली ठेवून मी तिथंच उभ्या उभ्या रडले. भाजीवाली घाबरली. "बाई, दोन रुपये कमी द्या, रडू नका," म्हणाली.

सविताचाही फोन आला, महिन्याभरानं. आवाज बारीक. "मॅडम, त्या दिवशी लई बोलले तुम्हाला. आन् ते, आमच्या पोरीच्या रिपोर्टात काय लिव्हलंय? वाचलाच न्हाई कुणी." मी म्हटलं, तुझी पोरगी तुझ्यासारखीच बोलकी आहे, सुखानं झोप.

सरांनी मला 'दारोदार फिरणाऱ्या मॅडम' म्हणून वर्षभर चिडवलं. पण आमच्या नव्या फॉर्मवर एक ओळ वाढली, ती सरांनीच वाढवली. पूर्वी आम्ही पालकांना विचारायचो, मुलाची तक्रार काय? आता त्याखाली आणखी एक प्रश्न असतो. तुमचं मूल असं काय करतं, ज्याचं घरात सगळ्यांना कौतुक आहे? व्हिडिओ असेल तर दाखवा. तक्रार असेल तर माणसं लवकर येतात. कौतुक असेल तर येतच नाहीत. परवा धर्माबादच्या एका आज्जीनं त्या प्रश्नाला अभिमानानं सांगितलं, की नात लई गुणाची, कानाशी फटाका वाजला तरी दचकत नाही. तिला त्याच दिवशी कान तपासायला पाठवलं.

बसू गेल्या महिन्यात येऊन गेला. तीन वर्षांचा झाला. औषध केव्हाच बंद. वर्षाचा असताना त्याला बसवायला आम्हाला उशी लागायची, आता त्याला बसवायला चार माणसं लागतात. सतरंजीवर त्यानं नऊ ठोकळ्यांचा मनोरा रचला, मला बोलावून दाखवला आणि लाथ मारून पाडला. चित्रांतली गाय, बस, विळी बरोबर सांगितली. बोलण्यात वयापेक्षा थोडा मागं आहे. ते मी फॉर्ममध्ये लिहिलं, कारण खोटं लिहायची सवय नाही. बाकी वयाप्रमाणे. शिल्पा माझ्या पेनाकडं बघत होती. 'वयाप्रमाणे' हा शब्द मी जरा मोठ्या अक्षरात काढला.

निघताना अव्वा म्हणाल्या, "बसू, मॅडमला नमस्कार कर."

बसूनं माझ्याकडं बघितलं. कानाच्या पलीकडं नाही, सरळ डोळ्यांत. मग दोन्ही हात पाठीमागं नेऊन घट्ट धरले.

"न्हाई."

"कर की रे कंदा. मॅडममुळं तू..."

"न्हाई करत, जा."

शिल्पा ओशाळली. बसूचे वडील त्याला ओरडणार तेवढ्यात अव्वांनी त्यांना हातानं थांबवलं. त्या नातवाकडं बघत होत्या. छाती पुढं, मान ताठ, हात मागं. त्यांच्या सुरकुत्यांतून हसू हळूहळू वर आलं.

"राहू द्या," म्हणाल्या. "आज्यावरच गेलंय."

आमच्या चाचणीत नकाराला गुण नाहीत. मी फॉर्मच्या समासात एक लिहिला आणि सही केली. सर म्हणाले, असं चालत नाही. मी म्हटलं, चालतं.